कोरोनानंतर दात हलतायत, टाळूवर डाग दिसतोय? म्युकरमायकोसिसच्या तोंडातल्या लक्षणांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

२०२१ च्या मे-जूनमध्ये दुसरी लाट ओसरत होती आणि तालुक्याच्या गावातल्या माझ्या दातांच्या दवाखान्यात रोज कुणी ना कुणी एकच तक्रार घेऊन येत होतं: "डॉक्टर, वरची दाढ ठणकतेय, पण कीड दिसत नाही." त्यातल्या बहुतेकांना साधंच काहीतरी निघायचं. काहींना नाही. तो फरक कसा ओळखायचा, हे आजही मधुमेहाचे रुग्ण आणि त्यांच्या घरची मंडळी विचारतात, म्हणून उत्तरं एके ठिकाणी लिहून ठेवतो आहे. हे वाचून घरच्या घरी निदान करायचं नाही. कुणाकडे जायचं आणि किती घाईने जायचं, एवढं कळावं म्हणून हे लिहिलं आहे.

म्युकरमायकोसिस म्हणजेच काळी बुरशी ना?

हो, लोकांच्या तोंडी तेच नाव बसलं. पण ही बुरशी स्वतः काळी नसते. शिळ्या भाकरीवर, कुजलेल्या पालापाचोळ्यात, शेणखतात, ओल्या मातीत ती असते आणि तिचे बीजाणू हवेतून आपल्या सगळ्यांच्या नाकात रोज जातात. निरोगी शरीर त्यांना तिथेच संपवतं. ज्यांचं शरीर तेवढं समर्थ राहिलेलं नाही, त्यांच्या नाकात आणि सायनसमध्ये ते रुजतात. मग ही बुरशी रक्तवाहिन्यांच्या भिंतींत शिरते, आत रक्ताच्या गुठळ्या होतात आणि पुढच्या भागाचा रक्तपुरवठा तुटतो. रक्त न मिळालेलं मांस आणि हाड मरतं, ते काळं पडतं. म्हणजे काळा रंग दिसतो तेव्हा तिथलं मांस आधीच मेलेलं असतं. त्यामुळे काळा डाग दिसायची वाट बघत बसणं चुकीचं. त्याच्या आधीची लक्षणं ओळखायला हवीत, आणि त्यातली बरीचशी तोंडात दिसतात.

नाकातला आजार दातांत कसा येतो?

गालाच्या हाडाखाली, नाकाच्या दोन्ही बाजूंना, हवेने भरलेली एकेक पोकळी असते. तिला मॅक्सिलरी सायनस म्हणतात. तिचा तळ म्हणजेच वरच्या दाढांच्या मुळांचं छप्पर. मध्ये हाडाचा पातळ पापुद्रा असतो, काही जणांत तर दाढेचं मूळ जवळजवळ पोकळीला टेकलेलं असतं. साध्या सर्दीतही वरच्या दाढा जड वाटतात, त्या याच शेजारामुळे. बुरशी या सायनसमध्ये पसरली की खाली वरचा जबडा आणि टाळू, वर डोळ्याची खोबण, आणि तिथून मेंदू, असे रस्ते तिला मोकळे असतात. काही रुग्णांत ती आधी खाली उतरते आणि माणूस दातांच्या डॉक्टरकडे येतो. तिथे ओळखलं गेलं तर डोळा आणि जीव दोन्ही वाचण्याची शक्यता खूप वाढते.

तोंडात नेमकं काय दिसतं?

इथे थोडं सविस्तर लिहितो.

जूनच्या पहिल्या आठवड्यात पन्नाशीच्या एका शेतकऱ्याला त्यांच्या मुलाने मोटारसायकलवर बसवून आणलं. कोरोनातून उठून वीसेक दिवस झाले होते. "काका, कुठली दाढ?" असं विचारलं तर त्यांनी उजवीकडच्या वरच्या सगळ्या दातांवरून बोट फिरवलं. दातांवर मशेरीचे डाग होते, पण एकाही दाताला कीड नव्हती. एक दाढ चिमट्यात धरून हलकेच हलवली, तर शेजारचे तीन दात आणि मधली हिरडी असं सगळं एकत्र सरकलं. दात हाडात हलत नव्हते, दातांसकट हाडच हलत होतं. हिरडीवर मोहरीएवढ्या चार-पाच पुळ्या होत्या आणि दाबल्या की पू येत होता. आदल्या आठवड्यात दुसरीकडे एक दाढ काढून झाली होती. तो खड्डा तसाच उघडा होता आणि तळाशी करड्या रंगाचं कोरडं हाड दिसत होतं. गालावर कापूस फिरवला तर उजवीकडे त्यांना स्पर्श कळत नव्हता. तोंडाला येणारा वास दातांच्या पुवाच्या वासापेक्षा वेगळा, सडलेल्या मांसासारखा होता. टाळू मात्र अजून गुलाबीच होती, फक्त उजव्या बाजूला जराशी फुगलेली.

एकाच माणसात इतकी लक्षणं नेहमी एकत्र सापडत नाहीत. म्हणून प्रत्येक वेगळं लक्षात ठेवा: कीड नसताना वरच्या जबड्यात एका बाजूला ठणका, आधी घट्ट असलेले दोन-तीन दात काही दिवसांतच एकदम हलायला लागणं, हिरडीवर एकाहून जास्त ठिकाणी पुवाच्या पुळ्या, टाळूवर सूज, फिकट किंवा जांभळट चट्टा, जखम, आणि शेवटी काळी खपली, दात काढलेली जागा भरून न येणं, वरचा ओठ, गाल किंवा टाळू बधिर होणं, चावताना दात पूर्वीसारखे जुळत नाहीत असं वाटणं. हे बहुतेक वेळा एकाच बाजूला सुरू होतं आणि वरच्या जबड्यात होतं. खालच्या जबड्यात हा आजार क्वचितच दिसतो.

तोंडाबाहेर काय बघायचं?

एका बाजूचं नाक बंद, नाकातून काळपट किंवा रक्तमिश्रित स्राव, गालफडावर सूज, एका बाजूचं डोकं किंवा चेहरा दुखणं. डोळ्याची पापणी सुजली, खाली पडली, एकाचे दोन दिसू लागले, डोळा बाहेर आल्यासारखा वाटला किंवा नजर अंधूक झाली, तर दातांच्या डॉक्टरची वेळ घेत बसू नका. थेट मोठ्या रुग्णालयात जा, रात्र असली तरी.

कुणाला धोका जास्त?

सगळ्यात आधी, साखर ताब्यात नसलेले मधुमेही. साखर खूप वाढली की जंतूंना मारणाऱ्या पांढऱ्या पेशी मंदावतात. त्यातून कीटोअॅसिडोसिस झाला, म्हणजे रक्तात आम्ल साठलं, तर रक्तातलं बांधलेलं लोह सुटतं आणि या बुरशीला ते खाद्यासारखं मिळतं. त्यावर स्टेरॉइड आलं की साखर आणखी चढते आणि प्रतिकारशक्ती आणखी दबते. दुसऱ्या लाटेत आपल्याकडे नेमके हे तिन्ही घटक एकत्र आले. याशिवाय अवयव प्रत्यारोपण झालेले, रक्ताच्या कर्करोगावर उपचार घेणारे आणि ज्यांच्या पांढऱ्या पेशी खूप घटल्या आहेत असे रुग्ण.

एक गोष्ट मी पुन्हा पुन्हा पाहिली. "मला शुगर नाही" असं ठामपणे सांगणाऱ्या माणसाची साखर तपासली की ती तीनशेच्या वर निघायची. काहींचा मधुमेह कधी कुणी तपासलाच नव्हता, तर काहींची साखर स्टेरॉइडने वाढली होती. दवाखान्यात ग्लुकोमीटर ठेवायला मी तेव्हापासून लागलो.

मग स्टेरॉइडमुळेच हे झालं का? ते द्यायलाच नको होतं का?

असं सरसकट म्हणू नका. ऑक्सिजनवर असलेल्या कोरोना रुग्णांचे मृत्यू डेक्सामेथासोन या स्टेरॉइडने कमी होतात, हे ब्रिटनमधल्या रिकव्हरी चाचणीने जून २०२० मध्ये दाखवलं. डोस होता दिवसाला ६ मिलीग्रॅम, जास्तीत जास्त १० दिवस. ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांना फायदा दिसला नाही, हेही त्याच चाचणीत होतं. आपल्याकडे घरी बसलेल्यांनी पहिल्या दिवसापासून, मोबाइलवर फिरणाऱ्या चिठ्ठ्या बघून, दुप्पट-तिप्पट डोसने आणि साखर न मोजता गोळ्या घेतल्या. घात झाला तो तिथे. आणि एक सूचना: चालू असलेलं स्टेरॉइड घाबरून स्वतःच्या मनाने बंद करू नका, तेही धोक्याचं आहे. डॉक्टरांना विचारूनच कमी करा.

कोरोना बरा झाल्यावर किती दिवस सावध राहायचं?

बहुतेक रुग्णांत लक्षणं कोरोनाच्या दरम्यान किंवा नंतरच्या काही आठवड्यांत दिसली. काहींत दोन-तीन महिन्यांनीही. तेवढे दिवस मधुमेह्यांनी रोज दात घासताना आरशात तोंड उघडून बघावं आणि साखर नियमित मोजावी.

आता लाट नाही. मग हे कशाला वाचायचं?

म्युकरमायकोसिस कोरोनाने जन्माला घातलेला नाही. आपल्याकडे अनियंत्रित मधुमेह्यांमध्ये तो आधीही दिसत होता, आजही दिसतो. फ्लूसारख्या इतर विषाणूजन्य आजारांनंतरही त्याच्या नोंदी आहेत. २०२१ मध्ये त्याची संख्या डोळ्यांत भरली एवढंच. त्या वर्षी मे महिन्यात केंद्राने राज्यांना हा आजार १८९७ च्या साथरोग कायद्याखाली नोंदणीयोग्य करायला सांगितलं आणि जुलैपर्यंत देशात ४५ हजारांहून जास्त रुग्णांची नोंद झाली. महाराष्ट्र आणि गुजरात त्यात आघाडीवर होते.

घरी तोंड कसं तपासायचं?

चूळ भरा, कवळी असेल तर काढा. खुर्चीत बसून मान मागे टाका आणि घरातल्या दुसऱ्या माणसाला मोबाइलचा टॉर्च मारून बघायला सांगा, आरशात स्वतःला टाळू नीट दिसत नाही. टाळूच्या दोन्ही बाजू एकमेकींशी ताडून बघा. रंग, फुगवटा, जखम. मग धुतलेल्या बोटाने वरचा एकेक दात हलका दाबून बघा. शेवटी डोळे मिटा आणि दोन्ही गालांवर, वरच्या ओठावर कापूस फिरवून घ्या. दोन्हीकडे सारखं वाटतं का?

पुढच्या दातांमागे टाळूवर आडव्या सुरकुत्या असतात, त्या सगळ्यांनाच असतात. काहींच्या टाळूच्या मधोमध हाडाचा टणक उंचवटा असतो, तोही वर्षानुवर्षांचा सोबती, घाबरू नका.

माझ्या हिरड्या काळ्या आहेत. जीभ काळी झाली आहे. हे तेच का?

त्या काळात निम्मे लोक या प्रश्नासाठी यायचे. आपल्याकडे हिरड्यांचा रंग काळपट असणं अगदी नेहमीचं आहे. तो दोन्ही बाजूंना सारखा असतो, वर्षानुवर्षांचा असतो, दुखत नाही. मशेरी, तंबाखू, गुटख्याचे डाग दातांवर बसतात आणि डॉक्टरने साफ केले की निघतात. अँटिबायोटिकनंतर किंवा तोंड नीट साफ न ठेवल्याने जिभेच्या मधल्या भागावर काळसर, केसाळ थर येतो. दिसायला भयंकर, पण निरुपद्रवी, ब्रशने जीभ घासत राहिलं की जातो. गरम चहाने भाजलेली टाळू आठवड्या-दहा दिवसांत भरून येते.

काळजीचा डाग तो, जो नवा आहे, एकाच बाजूला आहे, वाढतो आहे आणि ज्याच्या आसपास सूज, ठणका किंवा बधिरपणा आहे.

तोंडात पांढरे चट्टे आले आहेत. ही पण बुरशीच ना?

बुरशीच, पण वेगळी. ती कॅन्डिडा. दह्याच्या साईसारखे पांढरे चट्टे, कापडाने पुसले की निघतात आणि खाली लाल भाग दिसतो, जळजळ होते, तिखट लागतं. अँटिबायोटिक, स्टेरॉइडचा पंप, वाढलेली साखर, रात्रभर न काढलेली कवळी ही तिची कारणं. क्लोट्रिमाझोलसारख्या औषधाने ती सहसा बरी होते. मात्र ती दिसली की साखर तपासून घ्या. तोंडाने दिलेली ती सूचना असू शकते.

दात हलतोय, दुखतोय. काढूनच टाकला तर?

नको. किमान आधी काही गोष्टी झाल्याशिवाय नको. दात काढल्याने ही बुरशी होत नाही, पण खरं दुखणं दाताचं नसताना दात काढला की आठवडा वाया जातो. रुग्ण म्हणतो, "काढलाय, दुखणारच थोडे दिवस." डॉक्टर म्हणतो, जखम भरतेय. आणि बुरशी आत चालत राहते.

हे मी शिकलो ते एका चुकीतून. एप्रिल २०२१ मध्ये एका बाईंना दाढदुखीसाठी मी पाच दिवसांची अँटिबायोटिक देऊन परत पाठवलं. कोरोना होऊन गेल्याचं त्यांनी सांगितलं होतं. साखर मी विचारली नाही. त्या पुन्हा आल्या तेव्हा डाव्या डोळ्याची पापणी उघडत नव्हती. तेव्हापासून कोरोना किंवा कुठलाही मोठा ताप होऊन गेलेला रुग्ण वरच्या दाताची तक्रार घेऊन आला की पकडीला हात लावण्याआधी साखर बघायची आणि शंका असेल तर सायनसचा सीटी स्कॅन करायला पाठवायचं, हा माझा नियम आहे. तुमचा डॉक्टर विचारत नसेल तर तुम्ही सांगा: ताप कधी आला, स्टेरॉइड घेतलं का, किती दिवस, साखर किती. यात संकोच नको.

लवंगेचं तेल, तुरटी, हळद, वाफ यांनी उतरेल का?

नाही. आजार हाडात आणि रक्तवाहिन्यांत असतो, गुळणी तिथवर पोचत नाही. वेदनाशामक गोळीने दुखणं दबतं आणि फसवतं.

निदान कसं होतं?

सीटी किंवा एमआरआयने आजार कुठवर गेलाय ते कळतं. दाताचा साधा छोटा एक्स-रे यासाठी पुरत नाही, सुरुवातीला तो अगदी स्वच्छ येऊ शकतो. पक्कं निदान मात्र तुकड्यावरूनच: नाकातून, टाळूतून किंवा हिरडीतून छोटा तुकडा काढून तपासतात. पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर काही तासांत रुंद, काटकोनात फुटलेले धागे दिसू शकतात. कल्चरला, म्हणजे प्रयोगशाळेत बुरशी वाढवून बघायला, दिवस लागतात आणि कधी कधी ती वाढतही नाही. "तुकडा काढला की आजार पसरतो" ही भीती मनातून काढून टाका. इथे पसरतो तो उशिराने.

उपचार काय असतात?

तीन गोष्टी एकाच वेळी कराव्या लागतात: साखर ताब्यात आणणं, मेलेला भाग शस्त्रक्रियेने काढणं आणि बुरशीविरोधी औषध. मुख्य औषध अॅम्फोटेरिसिन बी. त्याच्या लायपोसोमल प्रकाराचा नेहमीचा डोस वजनाच्या किलोमागे ५ मिलीग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या माणसाला दिवसाला ३०० मिलीग्रॅम. ५० मिलीग्रॅमच्या सहा कुप्या, रोज, कित्येक आठवडे. मे २०२१ मध्ये नातेवाईक ही इंजेक्शनं शोधत जिल्हे पालथे घालत होते, ते का, ते या हिशेबावरून कळेल. औषधाने मूत्रपिंडावर ताण येतो, पोटॅशियम उतरतं, म्हणून रक्ताच्या तपासण्या सतत कराव्या लागतात. पुढे पोसाकोनाझोल किंवा आयसावुकोनाझोलच्या गोळ्या काही महिने. नेहमीचं फ्लुकोनाझोल या बुरशीवर चालत नाही, मेडिकलमधून आणून घेऊ नका.

नातेवाईक घाबरून विचारायचे, "शुगरच्या पेशंटला ग्लुकोजची बाटली का लावलीय?" कारण हे औषध मिठाच्या सलाईनमध्ये मिसळलं की साका धरतं, म्हणून ५ टक्के डेक्स्ट्रोजमध्येच, म्हणजे ग्लुकोजच्या सलाईनमध्येच, देतात. सोबत साखरेवर लक्ष ठेवून इन्सुलिन देतात.

खर्च कसा पेलायचा?

मे २०२१ मध्ये राज्य सरकारने हा उपचार महात्मा ज्योतिराव फुले जनआरोग्य योजनेत आणला. योजनेतल्या रुग्णालयात आरोग्यमित्र बसतात. रेशनकार्ड आणि आधार घेऊन आधी त्यांच्याकडे चौकशी करा. शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांत कान-नाक-घसा, नेत्र आणि औषधवैद्यक विभाग एका छताखाली मिळतात. मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत.

घरातल्या एकाला झाला तर दुसऱ्याला होतो का? फ्रिज, कांदा, मास्क?

माणसाकडून माणसाला होत नाही. ताट वेगळं नको, खोली वेगळी नको, जवळ बसा. कांद्यावरचा काळा थर ही दुसरीच बुरशी असते. साल काढा, धुवा आणि खा. ओला, मळका मास्क वापरू नये हे खरं, पण आजाराचं मूळ मास्कमध्ये नाही. साखर ताब्यात नसेल तर शेणखत, कुजका पाला हाताळताना नाक-तोंड बांधावं आणि चप्पल-बूट घालावेत.

जबडा काढल्यावर माणूस जेवतो कसा?

टाळूला भोक पडलं की तोंड आणि नाक एक होतं. पाणी प्यायलं की नाकातून येतं, बोलणं गेंगाणं होतं. त्यासाठी ऑब्च्युरेटर नावाची प्लेट बसवतात, कवळीसारखीच, पण वरचा भाग त्या भोकात बसेल असा. शस्त्रक्रियेनंतर लगेच तात्पुरती, जखम आखडत जाईल तशी दुरुस्त केलेली, आणि काही महिन्यांनी पक्की. पुढे काहींना गालाच्या हाडात रोवलेल्या इम्प्लांटवर पक्के दात बसवता येतात. पण ते आजार पूर्ण गेल्याची खात्री झाल्यावर.

वर सांगितलेल्या त्या शेतकऱ्यांचा उजवा अर्धा जबडा गेला, डोळा वाचला. दिवाळीनंतर ते माझ्याकडे पक्की प्लेट बसवून घ्यायला आले. बसवून झाल्यावर मी पेल्यात पाणी दिलं. त्यांनी सवयीने आधी रुमाल नाकाला लावला, मग पाणी प्यायले. रुमाल कोरडा राहिला. तो त्यांनी मुलाला उलटसुलट करून दाखवला आणि अजून एक पेला मागितला.